जगाच्या पाठीवर कुठेही, पण पार्किंग हवं

भाचा स्टुटगार्टहून आठ दिवसांसाठी आला आणि येताना एक जर्मन सहकारी बरोबर घेऊन आला. दिवसा दोघं चाकणला कामावर, संध्याकाळी आमच्या गळ्यात. पाहुणा गुणी होता. त्याने पुरणपोळी खाल्ली, अळूची भाजी खाल्ली, मामीच्या आग्रहाला तोंड दिलं, आणि तिसऱ्या दिवशी भाच्यामार्फत हळूच विचारणा केली, की या शहरात इतर देशांचं साधंसुधं खाणं कुठे मिळतं?

"मामा, कॅज्युअल काहीतरी हं," भाच्याने खुलासा केला. "शेफ येऊन ताटलीवर भाषण देतो तसलं नको."

"त्यात काय! पुण्यात वाट्टेल ते मिळतं," मी म्हणालो. हे वाक्य बोलण्यासाठी लकडी पूल ओलांडलेला असण्याची अट नाही.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न टाकला. अर्ध्या तासात सत्तावीस उत्तरं आली. त्यांतल्या चार जागा बंद पडलेल्या होत्या, एक नाशकात होती आणि एक जागा म्हणजे मेव्हण्याच्या मित्राचा रिकामा गाळा होता, जो तो भाड्याने द्यायला बघतोय. त्यानंतर अटी सुरू झाल्या. पार्किंग हवं. जिना नको. गाणी हळू हवीत. आत्याची चतुर्थी आहे. अण्णांना आठच्या आत जेवायला लागतं. आणि जेवण अस्सल हवं, पण फार वेगळं नको. ही शेवटची अट कोणाची, ते सांगत नाही. माझ्याच बायकोची आहे.

सगळ्या अटींतून पार पडलेली एकच जागा निघाली, बाणेरकडची. पार्किंग भव्य. लिफ्ट. मेन्यू तेवीस पानांचा. इटलीतून शिरायचं, मेक्सिकोवरून लेबनॉनला जायचं, थायलंडला थोडं थांबायचं आणि शेवटच्या पानावर 'ओरिएंटल' नावाच्या देशात उतरायचं. तेवीस पानांचा स्वयंपाक एका वेळी तयार ठेवणाऱ्या हॉटेलाबद्दल एकच अंदाज बांधता येतो, की त्यांचा फ्रीज प्रचंड असणार.

पाहुण्याने थाई करी मागितली. वेटर वहीवरून मान वर न करता म्हणाला, "सर, इंडियन टेस्टमध्ये करू ना?" भाचा म्हणाला, नको, थाई टेस्टमध्येच करा. वेटर आत गेला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने अदबीने समजावलं, की तशी करता येईल सर, पण मग कस्टमर परत पाठवतात. शेवटी करी आली. तिच्यात पनीर होतं. पास्ता आला, त्यावरचा लाल रस्सा आणि मेक्सिकन भातावरचा लाल रस्सा यांची ओळख जुनी असावी. त्या रात्री आम्ही चार देश फिरलो आणि चारही ठिकाणी एकच टोमॅटो भेटला.

आत्याने मात्र अशा प्रसंगांची सवय असल्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, या पाटीला पाठ करून ती बसली आणि साबुदाण्याची खिचडी खाऊ लागली. पाहुण्याने कुतूहलाने विचारलं, हे काय? मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता मलाच घाम फुटला. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा पेरूच्या बाजूच्या डोंगरांतला. मिरची मेक्सिकोकडची, पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणलेली. म्हणजे त्या तेवीस पानी हॉटेलात परदेशाशी प्रामाणिक राहिलेला एकमेव पदार्थ आत्याच्या डब्यात होता, आणि तो तिने संकष्टीला, चंद्रोदयाची वेळ विचारून मग खाल्ला होता. तूप तेवढं घरचं.

बिलाची वेळ अण्णांची. तळाशी दहा टक्के सेवाशुल्क लावलेलं दिसताच त्यांनी चष्मा बदलला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये घालून दिलेले नियम त्यांना पाठ आहेत. सेवाशुल्क आपोआप बिलात लावता येत नाही, ते ऐच्छिक आहे, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही हे नियम उचलून धरले, एवढं त्यांनी उभं राहून सांगितलं. मॅनेजरने मुकाट्याने आकडा खोडला. जेवण एकदम चांगलं झालं, असं अण्णांनी जाहीर केलं.

तरीही परतताना गाडीत वाद झालाच. अण्णांचं म्हणणं, अस्सल नव्हतं. आता अस्सल म्हणजे काय, हे जरा उकलून बघितलं की पंचाईत होते. सीझर सॅलडचा रोमच्या सीझरशी संबंध नाही. ते 1924 च्या सुमारास मेक्सिकोतल्या तिहुआना गावात, सीझर कार्डिनी नावाच्या इटालियन हॉटेलवाल्याकडे जन्मलं. अननस घातलेला 'हवाईयन' पिझ्झा 1962 मध्ये कॅनडात एका ग्रीक गृहस्थाने केला. आणि आपलं मांचुरियन? 1975 मध्ये, मुंबईच्या क्रिकेट क्लबात, कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वाँग यांनी चिकनचे तुकडे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळून तळले. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली, फक्त गरम मसाल्याऐवजी सोया सॉस. पुढे त्यात चिकनच्या जागी कोबी आला. मांचुरियातल्या माणसाला यातलं काहीही माहीत नाही आणि ते त्याला सांगायची जबाबदारी मी घेणार नाही.

तेव्हा भेसळीला माझी हरकत नाही. वाँगसाहेबांनी समोरच्या गिऱ्हाइकासाठी मन लावून काहीतरी केलं. माझी तक्रार आपल्या गिऱ्हाइकीबद्दल आहे. आपण जपानी दुकानात जाऊन जैन सुशी मागतो, रिसोटोला 'गुरगुट्या भात, पण साडेपाचशेला' म्हणतो, हुमुसमध्ये फोडणी शोधतो. बिचारा मालक सहा महिने तग धरतो, मग मेन्यूत पनीर घेतो, मग शेजवान घेतो, आणि मग आपणच नाक मुरडतो, की छे, पूर्वीसारखं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याने सूत्रं हाती घेतली. त्याचा हिशोब सोपा होता: जाहिरात बघायची नाही, त्या देशाची माणसं शहरात कुठे आहेत ते बघायचं. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावला ह्युंदाई आलेली आहे. म्हणजे कोरियन इंजिनियर आहेत, आणि संध्याकाळी सातला त्यांनाही घरची आठवण येत असणार. नगर रस्त्याच्या बाजूला असं एक दुकान सापडलं. दहा टेबलं, त्यांतल्या सहांवर कोरियन माणसं, कंपनीच्या जॅकेटांसकट. कोणी कोणाला बघत नव्हतं, सगळे खात होते. जेवण सांगायच्या आतच पाच-सहा लहान वाट्या आल्या: कोबीचं झणझणीत किमची, मोड आलेले मूग असावेत असं काहीतरी, पालकासारखं काहीतरी. संपलं की परत भरून मिळतं, आणि त्याचे पैसे नाहीत! हे अण्णांना फोनवर सांगितलं, तर ते त्याच पावली निघायला तयार झाले. अमर्याद थाळीत वाढलेल्या माणसाला कोरियाबद्दल एवढीच माहिती पुरते. पार्किंग नाही म्हटल्यावर मात्र ते म्हणाले, मग राहू दे.

शेवटची संध्याकाळ कोंढव्याला. यावेळी कुटुंबातलं कोणी आलं नाही, कारण कोंढव्यात संध्याकाळी गाडी लावणं म्हणजे काय, ते पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. आम्ही तिघं रिक्षाने गेलो. येमेन, सुदान, इराण, अफगाणिस्तान इथली मुलं वर्षानुवर्षं पुण्यात शिकायला येतात, आणि परक्या मुलाला या शहरात जेवण मिळणं हा प्रश्न इथे नवा नाही. मॉरिशसच्या एका मुलाला कावीळ झाली होती आणि एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून त्याला डबा देत होती, हे दृश्य बघून डॉ. शां. ब. मुजुमदारांना 1971 मध्ये 'सिम्बायोसिस' सुचलं, ही हकीकत त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. अरब तर त्याहून जुने. पेशव्यांच्या फौजेत ते पगारी शिपाई होते. ते तेव्हा पुण्यात काय खात होते, हे कोणा बखरकाराने लिहून ठेवलं असतं तर मला आज सत्तावीस उत्तरं वाचावी लागली नसती.

आम्ही मंडी मागितली. हा मूळचा येमेनमधल्या हद्रमौत भागातला प्रकार. जमिनीतल्या खोल भट्टीत खाली भात, वर मांस टांगलेलं, तोंड बंद केलेलं. मांसाचा रस थेंबथेंब भातात उतरतो. मेन्यू एका पानाचा, तोही भिंतीवर. खाली बैठक, मध्ये एक मोठी परात, चमचा नाही. पाहुणा मांडी घालायला धडपडला, मग जमलं. शेजारच्या परातीभोवती पाच विद्यार्थी बसले होते. त्यांच्यातला एक फोनवर आईशी बोलत होता. अरबी येत नसलं तरी आईला 'हो, जेवतोच आहे' कसं सांगतात ते कळतं. भाताबरोबर टोमॅटो आणि हिरवी मिरची वाटून केलेली सहाविक नावाची चटणी होती. ठेच्याची चुलत बहीण. पाहुण्याचे कान लाल झाले आणि त्याने ती पुन्हा मागितली.

आणि तेवढ्यात मालक प्रेमाने जवळ येऊन मला, फक्त मला, म्हणाला, "साहब, शेजवान चटनी दूँ?" त्याने बाटली आणून ठेवलीसुद्धा. निम्मी झाली होती.

म्हणून त्या दुकानाचं नाव आणि गल्ली मी इथे छापत नाही. दोन वर्षांपूर्वी याच सदरात एका मिसळवाल्याचा पत्ता दिला होता. आता तिथे टोकन घ्यावं लागतं आणि पाटीवर 'चीज मिसळ' आली आहे. संपादकांनाही पत्ता ठाऊक नाही, कृपया कचेरीत फोन करू नये.