पुढच्या शनिवारपर्यंत दहा फोटो

फोटोग्राफीच्या क्लासला नाव घातलं की सगळ्यात आधी एक काळजी घ्यावी. कॅमेरा घेतल्याचं नात्यात कोणालाही कळू देऊ नये. कळलंच, तर "फोटो मोबाइलवरच बरे येतात हो" असं म्हणून विषय बदलावा. ही सूचना खरं तर कॅमेऱ्याच्या खोक्यावरच छापायला हवी. मी ती पाळली नाही, आणि पहिल्या दोन महिन्यांत एक बारसं, दोन मंगळागौरी आणि चुलतसासऱ्यांची साठी शांत, एवढे कार्यक्रम 'घरचीच आहे' या दराने काढून दिले. साठी शांतीचे फोटो अजून मागतायत.

दुसरी सूचना बॅटरीची. रात्री बॅटरी चार्जिंगला लावावी. सकाळी ती चार्जरमधून काढून कॅमेऱ्यात घालावी. ही दोन वाक्यं मुद्दाम वेगवेगळी लिहिली आहेत.

आता क्लासकडे वळू. आमचा क्लास पुण्यात, शनिवारी संध्याकाळी, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरायचा. जिन्यात दिवा नव्हता; 'लो लाइट'चा पहिला धडा तिथेच व्हायचा. सर दर आठवड्याला एक विषय द्यायचे आणि म्हणायचे, "पुढच्या शनिवारपर्यंत दहा फोटो." नवशिक्यांनी इथे फसू नये. दहा फोटो आणायचे याचा अर्थ दहा फोटो काढायचे असा नसतो. पहिल्या आठवड्यात मी इमानाने दहा काढले आणि दहा नेले. शेजारी बसणाऱ्या हिंजवडीच्या इंजिनिअरने सातशे काढले होते आणि दहा आणले होते. त्यातले आठ माझ्यापेक्षा वाईट होते, पण दोन चांगले होते, आणि प्रोजेक्टरवर माणसं चांगलेच लक्षात ठेवतात.

पहिल्याच दिवशी सर कॅमेऱ्यावरची चकती फिरवून 'एम'वर आणायला सांगतात. 'ऑटो'वर फोटो काढणं हे त्या खोलीत भेळ काट्याने खाण्याइतकं लाजिरवाणं समजलं जातं. मग एक्स्पोजर समजावलं जातं, आणि जगातल्या सगळ्या फोटोग्राफी क्लासांत ते बहुधा पाण्याच्या नळाने समजावतात. नळ किती उघडा, ते ॲपर्चर. किती वेळ उघडा, ते शटर. आणि थोड्या पाण्यात किती भागवता, तो आयएसओ. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं." सरांनी शांतपणे सांगितलं, "मग आयएसओ वाढवा." तेवढं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यात कायमचं बसलं. आयएसओ वाढवला की भागतं, पण पाणी गढूळ येतं. फोटोत दाणे दिसतात.

ॲपर्चरचे आकडे उलटे का, हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. एफ/१६ म्हणजे बारीक भोक आणि एफ/२ म्हणजे मोठं. यात उलटं काही नाही, तो छेद आहे. सोळावा हिस्सा निम्म्यापेक्षा लहानच असणार. पुढचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे दर पायरीला सुमारे १.४ पटीने वाढतात आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. आमच्या सासऱ्यांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "यात शिकवायचं काय आहे? आम्ही पावकी, निमकी, औटकी पाठ म्हणत होतो." मी गप्प बसले. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिला गृहपाठ होता 'सनी सिक्स्टीन'. कडक उन्हात ॲपर्चर एफ/१६ ठेवावं आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं, म्हणजे आयएसओ १०० तर शटर १/१००. मीटरकडे बघायचीही गरज नाही, फोटो बरोबर येतो. नियम खणखणीत आहे. फक्त आमची बॅच जूनच्या मध्यावर सुरू झाली. पर्वतीच्या पायऱ्यांवर मी चार दिवस उन्हाची वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी छत्री घेऊन गेले.

दुसऱ्या आठवड्यात पालखी आली. पुण्यात फोटोग्राफी शिकणाऱ्याने पालखीला दिवे घाटात गेलंच पाहिजे असा अलिखित दंडक आहे. हडपसर मागे टाकून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवडकडे घाट चढते, तेव्हा वळणावळणावर, दगडांवर, झाडांत जिथे पाय ठरेल तिथे कॅमेरे असतात. सगळ्यांना तोच फोटो हवा असतो: नागमोडी घाट, भगव्या पताका, पांढऱ्या टोप्यांची नदी. तो तुम्हीही काढावा. तो सगळ्यांकडे असतो म्हणून आपल्याकडे नको, असला शहाणपणा पहिल्या वर्षी परवडत नाही.

काढलेले फोटो घरी उघडल्यावर मात्र वारकऱ्यांचे सगळे सदरे आणि धोतरं मळकट राखाडी दिसली, जणू अख्खी दिंडी निळीशिवायच धुतली गेली असावी. दोष वारकऱ्यांचा नाही, मीटरचा. कॅमेऱ्यातल्या मीटरचा जगाबद्दल एकच ठाम समज असतो: समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम राखाडी आहे, पडलेल्या प्रकाशातला १८ टक्के परत फेकणारं. त्याला पांढरंशुभ्र दाखवा, ते काळवंडवून राखाडी करतं. काळी म्हैस दाखवा, ती उजळवून राखाडी करतं. म्हणून पांढऱ्यासाठी एक्स्पोजर एक ते दीड पायरी वाढवायचं आणि म्हशीसाठी तेवढंच कमी करायचं. हे पुस्तकात वाचून कळत नाही. एकदा पाचशे वारकरी मळकट करावे लागतात.

त्याच घाटात एक गोष्ट झाली, तिचं तंत्र कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. रथ वळणावर दिसायला लागला होता, मी कॅमेरा डोळ्याला लावला होता, आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "माउली, एवढी तुळस धर गं." तुळस काही 'थांबा, एक फोटो घेते' म्हणून नाकारायची वस्तू नव्हे. मी कॅमेरा गळ्यात सोडला आणि ते पितळी वृंदावन दोन्ही हातांत घेतलं. ते वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जड होतं आणि खालून ओलं होतं. आजींनी चुंबळ काढली, झटकली, पदराचा नवा पीळ दिला, पुन्हा गोल केली, डोक्यावर ठेवून पाहिली, पटली नाही, परत काढली. तोवर माझ्या पाठीमागून टाळ-मृदंग जवळ येऊन पुढे निघूनही गेले. तुळस डोक्यावर घेताना त्यांनी विचारलं, "फोटू निघाला का?" मी हो म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात मला ताप होता. त्या दिवशी 'रूल ऑफ थर्ड्स' शिकवला. त्यामुळे माझ्या फोटोंत आजही माणूस मधोमध असतो, देवघरातल्या देवासारखा.

चौथा विषय 'पॅनिंग'. धावती गाडी स्पष्ट आणि मागचं दृश्य फरकटलेलं, असा फोटो. कृती सांगते. शटर १/३० वर आणावं. पाय रोवून उभं राहावं, फक्त कमरेतून वळावं. गाडी दुरून येतानाच कॅमेऱ्यात पकडावी, तिच्या वेगाने वळत राहावं, समोर आली की बटण दाबावं आणि दाबल्यावरही वळणं थांबवू नये. बॅट चेंडूला लागल्यावर जशी पुढे जातेच, तसं. विषय म्हणून रिक्षा सुचवली जाते, कारण पुण्यात रिक्षा भरपूर आणि रिक्षावाले वेगात. मी टिळक रोडला उभी राहिले. एरवी हात दाखवून, हाका मारून, सिग्नलला गाठून जी थांबत नाही, ती रिक्षा माझा कॅमेरा तिच्याबरोबर वळताना पाहून करकचून थांबली. "कुठं जायचंय म्याडम?" एक नव्हे, पाच थांबल्या. सहाव्याने तर मीटरने येतो म्हटलं. तेव्हा पावसाळ्यात रिक्षा मिळत नसेल तर पॅनिंग करावं. पॅनिंगचा फोटो हवा असेल तर पीएमपी बस निवडावी. ती कोणासाठी थांबत नाही.

त्यापुढचा विषय बरोब्बर उलटा, लांब एक्स्पोजरचा. शटर काही सेकंद उघडं ठेवलं की हलणारी माणसं पुसट होत होत नाहीशी होतात आणि स्थिर असतील तीच उरतात. सरांनी त्या दिवशी दागेरचा १८३८ चा पॅरिसचा फोटो दाखवला. गजबजलेला रस्ता, पण एक्स्पोजर कित्येक मिनिटांचं, त्यामुळे घोडागाड्या, गर्दी, सगळं गायब. उरला कोण, तर कोपऱ्यावर एक पाय वर ठेवून बुटांना पॉलिश करून घेणारा एक माणूस. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नसणार. मी मंडईत ट्रायपॉड लावला. दिवसा लांब एक्स्पोजरला काळा फिल्टर लागतो; माझ्याकडे नव्हता, म्हणून लेन्ससमोर नवऱ्याचा गॉगल धरला. (चालतं. फोटोला किंचित हिरवट झाक येते. मंडईत ती खपून जाते.) आठ सेकंदांत गिऱ्हाइकं विरून गेली, हमाल विरून गेले, घासाघीस करणारे हात विरून गेले. ठसठशीत उरले ते फक्त कोथिंबिरीच्या ढिगाला टेकून डुलक्या घेणारे एक काका. सरांनी तो फोटो बराच वेळ पडद्यावर ठेवला आणि "इंटरेस्टिंग" म्हणाले.

इथे थोडा शब्दकोश द्यावा लागेल. सर 'इंटरेस्टिंग' म्हणाले की फोटो त्यांना आवडलेला नाही, पण तुमची मेहनत दिसते. 'लाइट छान आहे' म्हणाले की लाइटशिवाय काही छान नाही. 'हा कुठे काढला?' असं विचारलं तर पुन्हा तिथे जाऊन काढा. आणि काही न बोलता पुढच्या फोटोवर गेले, तर घरी जाताना आइस्क्रीम खावं.

पोर्ट्रेटचा आठवडा घरच्यांच्या जिवावर होतो. मी सासऱ्यांना खिडकीशी बसवलं. खिडकीचा उजेड एका बाजूने, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचं पांढरं शीट, सावली मऊ करायला. (स्टीलचं ताट वापरू नये. सासऱ्यांच्या गालावर ताटाचा चंद्र उगवला होता.) बाबा तयारीनिशी आले: इस्त्रीचा शर्ट, कोट, भांग. खुर्चीत बसताक्षणी त्यांचा चेहरा पासपोर्टचा झाला. "बाबा, नैसर्गिक बसा ना." "नैसर्गिकच बसलोय." त्यांच्या काळी स्टुडिओत जाऊन एकच फोटो निघायचा आणि त्यात हसणं म्हणजे पैसे वाया. छत्तीसच्या रोलमध्ये शेवटी सदतिसावा निघाला तर घरी सांगितलं जायचं, असा तो काळ. मी पन्नासची लेन्स एफ/१.८ वर उघडली. हाताच्या अंतरावरून त्या लेन्समध्ये जेमतेम दोनेक सेंटीमीटरची खोली स्पष्ट राहते, म्हणजे डोळा बसतो आणि बाकीचं विरघळतं. मला फोटो फार आवडला. बाबांनी चष्मा लावून तो पाहिला, मान तिरकी करून पाहिला, आणि सासूबाईंना हाक मारली. "अहो, हिच्या कॅमेऱ्याला डॉक्टरला दाखवा. माझे कान नाहीत यात."

एफ/५.६ वर कान परत आले. तो फोटो आता हॉलमध्ये लावला आहे. क्लासला मी पहिलाच नेला होता.

सातवा आठवडा बारा फोटोंचा होता. स्क्रीनवर चिकटपट्टी लावायची, आठवडाभरात फक्त बाराच काढायचे, बघायचे शनिवारी. छायापत्रकार होमाई व्यारावालांच्या रोलिफ्लेक्समध्ये एका रोलला बाराच फोटो निघायचे, असं सरांनी सुनावलं होतं. माझ्या बारातले चार चपलेचे निघाले.

शेवटचा विषय टाइम-लॅप्स, आणि इथे मला थोडा गर्व होता. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा लावून त्याचं रोप होताना टिपलं, 'अंकुराची वाढ' नावाने लोकांना दाखवलं, आणि ते पाहून 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे देणारा माणूस तयार झाला, हे मी वाचलेलं होतं. फाळके स्वतः आधी फोटोग्राफरच, गोध्र्याला स्टुडिओ चालवून आलेले. मी ठरवलं, आपण मटकी घ्यावी. भिजवलेली मटकी काचेच्या वाडग्यात, खाली ओलं फडकं, ओट्याच्या कोपऱ्यात ट्रायपॉड, वर एकच दिवा सतत चालू, कारण उजेड बदलला की फिल्म लुकलुकते. पांढऱ्या रंगाचं, म्हणजे व्हाइट बॅलन्सचं सेटिंगही ऑटोवरून काढावं, नाहीतर मटकी मध्येच निळी पडते. दर दहा मिनिटांना एक फोटो. दीड दिवसात दोनशे सोळा होतात, सेकंदाला पंचवीसच्या हिशोबाने साडेआठ सेकंदांची फिल्म. नवशिक्याने हा हिशोब आधी करावा. दीड दिवस स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवल्याबद्दल जे ऐकावं लागतं, ते साडेआठ सेकंदांसाठी आहे हे माहीत असलेलं बरं.

पहिला दिवस चांगला गेला. रात्री मटकी फुगली, पहाटे सालं तडकली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले. संध्याकाळी आले तर ट्रायपॉड तसाच, दिवा चालू, कॅमेरा दर दहा मिनिटांनी इमानाने टिक करतोय, आणि समोर रिकामा ओटा.

"आई, मटकी कुठाय?"

"अगं, छान मोड आले होते," सासूबाई म्हणाल्या. "आणखी ठेवली असती तर वास आला असता."

शनिवारी मी ते तसंच्या तसं लावलं. सहा सेकंद मटकी फुगते, हलते, एकमेकींना ढकलते, पांढरे मोड बाहेर येतात. मग अचानक एका फ्रेममध्ये डावीकडून एक हात येतो, त्यात दोन हिरव्या बांगड्या. पुढच्या फ्रेमला वाडगा नाही. उरलेले अडीच सेकंद नुसता ओटा, त्यावर पाण्याचं एक गोल वळं, तेही हळूहळू वाळत जातं.

खोलीत कोणी बोललं नाही. सर म्हणाले, "परत लावा." मी परत लावलं. बांगड्यांच्या फ्रेमला त्यांनी थांबवलं, खुर्ची पुढे ओढली, आणि विचारलं,

"कांदा घालून केली होती की नुसतीच?"