सासूबाई आणि मिसेस डाउटफायर

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ती. स्व. मावशीस,


सासूबाईंना सॅन फ्रान्सिस्को दाखवलं का, असं तू विचारलंस. दाखवलं. गोल्डन गेट पुलासमोर उभं केलं, तर ‘वारं फार आहे बाई’ म्हणून गाडीत जाऊन बसल्या. त्यांना एकच ठिकाण बघायचं होतं: ‘त्या बाईच्या सोंगातल्या बाप्याचं घर’.

बाप्या म्हणजे रॉबिन विल्यम्स आणि सोंग म्हणजे ‘मिसेस डाउटफायर’. सिनेमा 1993चा, पण आमच्याकडे दिवाळीच्या फराळासारखा दरवर्षी होतोच. यंदा तो लागला तेव्हा सासूबाई सोफ्याच्या टोकाला तांदूळ निवडत होत्या. (इथले तांदूळ निवडलेलेच येतात, हे त्यांना अजून मान्य नाही.) धाकटी दुभाषी झाली. नवराबायकोचा काडीमोड होतो, कोर्ट बापाला मुलं फक्त शनिवारी भेटवतं, म्हणून तो म्हातारीचं सोंग घेऊन आपल्याच घरी मुलं सांभाळायच्या नोकरीला लागतो. एवढं कळल्यावर ताट बाजूला सरकलं. ‘अगं, ही तर मोरूची मावशी!’

तुला माहीतच आहे, सासूबाई सांगलीच्या. वडिलांनी बालगंधर्व पाहिलेले, त्यामुळे पुरुषानं लुगडं नेसलं की यांच्यातला परीक्षक जागा होतो. विजय चव्हाणांची मावशी त्यांनी नाट्यगृहात जाऊन पाहिली आहे आणि ‘अशी ही बनवाबनवी’तला लक्ष्मीकांत बेर्डे तोंडपाठ आहे. विल्यम्सच्या रंगभूषेला रोज चार-चार तास लागायचे आणि त्या रंगभूषेला ऑस्कर मिळालं, हे आमच्या ह्यांनी फोनवरून मोठ्यानं वाचून दाखवलं. परिणाम शून्य. ‘रबर कुणीही चिकटवेल. तो ऐकतो कसा, ते बघ.’

मग मीही बघायला लागले. एरवी आम्ही हसतो ते पेटलेल्या छातीला आणि केकच्या साखरेत बुडवलेल्या तोंडाला. (दिव्यांच्या उष्णतेनं ती साखर वितळून चहाच्या कपात टपकायला लागली, आणि त्यानं ऐन वेळी त्याचाच विनोद केला म्हणतात. दिग्दर्शक ख्रिस कोलंबस एकाच वेळी बरेच कॅमेरे लावून ठेवायचे, कारण हा गृहस्थ पुढच्या क्षणी काय बोलेल याचा नेम नसायचा.) पण एका प्रसंगात बायको, म्हणजे सॅली फील्ड, या म्हातारीपाशी मन मोकळं करते: आपला संसार का मोडला, रात्री रडत कशा काढल्या. समोर नवराच बसलाय हे तिला ठाऊक नाही. त्याला मात्र काहीच बोलता येत नाही. अख्खा चेहरा रबराखाली, उरले दोन डोळे. अखंड बडबडीवर नाव कमावलेल्या नटाचं या सिनेमातलं सगळ्यात मोठं काम मला गप्प बसण्याचं वाटतं. आणि गंमत बघ, बाप म्हणून ज्यानं कधी अभ्यासाला बसवलं नाही, तोच पदर लावल्यावर (बरं, एप्रन) टीव्ही बंद करून मुलांना कामाला लावतो.

शेवटच्या हॉटेलच्या गोंधळात, एका टेबलावर नोकरी देणारा साहेब पुरुषाची वाट बघतोय आणि दुसऱ्यावर कुटुंब म्हातारीची, तेव्हा सासूबाई उभ्याच राहिल्या. ‘सोंग बदलायला बाथरूममध्ये एवढ्या वेळा गेला तर वेटरला संशय येणार नाही?’ ते हॉटेल आमच्यापासून अर्ध्या तासावर डॅनव्हिलला आहे, असं ह्यांनी सांगितलं. लगेच तिकडेही जायचं ठरलं. बिल किती येईल हे कळल्यावर बेत रद्द झाला.

तर, घर. पॅसिफिक हाइट्समध्ये, स्टायनर स्ट्रीट आणि ब्रॉडवेच्या कोपऱ्यावर. चढ असा की ह्यांनी गाडी लावताना सगळ्यांना श्वास रोखायला लावला. समोर दोन-चार माणसं फोटो काढत होती. मी सांगितलं की 2014च्या ऑगस्टमध्ये विल्यम्स गेले, तेव्हा लोकांनी या पायऱ्यांवर फुलं वाहिली होती. सासूबाईंनी ऐकलं आणि माझं लक्ष जाईपर्यंत चपला काढून फुटपाथवर हात जोडून उभ्या! एका पर्यटकानं त्यांचाच फोटो काढला. थोरला तोंड लपवून गाडीत.

परतताना वाद पेटला. सिनेमाच्या शेवटी नवराबायको पुन्हा एकत्र येत नाहीत, आणि हे मुद्दाम तसं ठेवलंय. आपल्याकडे कमल हासननं यावरूनच ‘चाची 420’ केला 1997 साली, चाचीला लक्ष्मी गोडबोले करून टाकलं आणि शेवटी तब्बूशी संसारही जुळवून दिला. ह्यांचं म्हणणं, आपलाच शेवट बरा. मला वाटलं, सासूबाई लेकाचीच री ओढणार.

त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, ‘बायको नोकरी करून दमून घरी येते आणि हा पोराच्या वाढदिवसाला घरात घोडा आणतो. कशाला परत घ्यायचं त्याला? आधी घर झाडून दे म्हणावं.’

गाडीत शांतता. हे आरशात बघत राहिले. मावशी, हे वाक्य मी तारीख घालून फ्रिजवर लावलं आहे. गेल्या महिन्यापासून गॅरेजमध्ये पडलेल्या ह्यांच्या कयाकचा विषय मी आता काढणार आहे.

काकांना नमस्कार. येणाऱ्या कुणाबरोबर मेतकूट पाठव.

तुझी,
भाची