अर्धा आटा

नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव, कुठल्याही गावात जुन्या फियाटचं बोनेट उघडं दिसलं आणि त्यात एक गृहस्थ कमरेपर्यंत वाकलेला आढळला, तर गाडी बंद पडली असं समजून मदतीला धावू नये. बंद पडली असती तर त्याने मेकॅनिक बोलावला असता. गाडी बरी चालते आहे, म्हणूनच तो वाकला आहे. वय साठीच्या आसपास. बाग मुलाच्या हवाली केलेली किंवा शाळेतून पेन्शन सुरू झालेली. इतरांच्या खिशाला पेन असतं तिथे याच्या खिशाला चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर. गाडीच्या घराण्यातल्या थोरलीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटलं, धाकटी पद्मिनी झाली, याची मधली. इंजिनाला कान लावून तो डोळे मिटतो, स्क्रू फिरवतो आणि बघ्यांकडे न बघता सांगतो, ‘‘अर्धा आटा जास्त होता.’’ गाव त्याला तोंडावर हौशी म्हणतं, पाठीमागे रिकामटेकडा. दोन्ही चूक. हा मुळात मतांचा माणूस आहे, आणि माणसाचं मत ऐकून घेणारं जे शेवटचं यंत्र उरलंय, ते त्याने गाठलंय.

ही अतिशयोक्ती नाही. कार्बोरेटर उघडला की पटतं. मधे आवळलेली एक नळी. इंजिन हवा ओढतं, त्या आवळलेल्या गळ्यात हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या भोकातून फवाऱ्यासारखं वर येतं. वाटीतली पातळी फ्लोट आणि नीडल राखतात, पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखी. गाडी पळताना पेट्रोल किती जावं ते मेन जेट ठरवतो. नुसती उभी गुरगुरताना किती, ते हा स्क्रू. पुस्तकाप्रमाणे एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. इथवर मताला जागा नाही. पण साडेबारा-तेरा भागांना इंजिन जास्त ताकद देतं, सोळाच्या आसपास ॲव्हरेज चांगलं पडतं, आणि मधे कुठेही ते कुरकुर न करता चालतं. म्हणजे घाटात पिकअप पाहिजे म्हणणारा बरोबर आणि पेट्रोल वाचलं पाहिजे म्हणणाराही बरोबर. स्क्रू सावकाश उघडत गेलं की इंजिनाचा आवाज चढतो, एका पट्ट्यात स्थिरावतो, मग अडखळायला लागतो. त्या पट्ट्यात चार माणसांना चार जागा सापडतात, आणि चौघांच्याही हाताखाली इंजिन चालतं. ग्रामपंचायतीत एवढी सोय नाही.

असा माणूस पुण्या-मुंबईतही भेटतो, पण जुन्नर-आंबेगावात हे पीक जोमाने येतं. इथला शेतकरी जन्मभर मिश्रणंच करत आलाय. फवारणीच्या पंपाला औषध किती मिली, द्राक्षाच्या घडाला जीए संजीवक किती पीपीएम, बोर्डो मिश्रणात चुना किती, यावर ज्याचं मत नाही तो बागायतदार नव्हे. (घरात आमटीचं मिश्रण रोज दोनदा अचूक जमतं, पण त्याला कुणी शास्त्र म्हणत नाही.) त्यातून टोमॅटोचा भाव नारायणगावच्या बाजारात दुसराच कुणीतरी काढतो, कांद्याच्या निर्यातीचं दिल्लीत ठरतं, डिंभे धरणाच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटेल ते बैठकीत ठरतं. स्क्रू मात्र याच्या हातात आहे. शिवाय भूगोलही त्याच्या बाजूचा. जुन्नर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, हवा कल्याणपेक्षा सहा-सात टक्के विरळ. खाली सेट केलेली गाडी माळशेज घाट चढून आली की मिश्रणात पेट्रोल किंचित जास्त होतं. किंचितच. पण त्या किंचितावर हा ओतूरपासून आळेफाट्यापर्यंत न थांबता बोलतो. जवळच खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातली खरखर ऐकत उभ्या आहेत, आणि हा रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी धरून तसलीच सूंसूं ऐकतो. फरक एवढाच की तिथल्या शास्त्रज्ञांना आपल्या ऐकण्यावर शंका घ्यायला शिकवलेलं असतं. याच्या प्लगची ठिणगी त्या दुर्बिणीच्या लेखी निव्वळ कटकट आहे, ही गोष्ट त्याला कुणी सांगू नये. त्यावरही त्याचं मत तयार होईल.

कुणी म्हणेल, हा साधा चिक्कूपणा आहे, नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी उगाळत बसलाय. पण पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार घातलेल्या फेऱ्या, एकामागून एक आणलेली कार्बोरेटरची किटं आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून घेतलेले जेट यांची बेरीज केली तर चिक्कू माणूस घेरी येऊन पडेल. दुसरे, जरा शहरी लोक म्हणतात की तो वारसा जपतो. याला उत्तर जेटच देतो. जेटवर १२० कोरलेलं असतं, म्हणजे भोक १.२ मिलिमीटरचं. वारसा जपणारा ते हवा मारून साफ करील. आपला माणूस तार घालतो. पितळेचं भोक दर वेळी केसाएवढं मोठं होतं, आकडा १२०च राहतो, गाडी जास्त पिऊ लागते, आणि मग स्क्रू अर्धा आटा आत घ्यावा लागतो. आजार आणि औषध एकाच हातचं. कायद्यानेही त्याची बाजू घेतली आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. पहिल्या दोहोंत याला रस नाही. उरलेलं तर त्याचं सगळं आयुष्य.

धुराच्या आक्षेपावर मात्र त्याच्याकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. मतावर चालणारं मिश्रण बहुतेक वेळा जास्त पेट्रोलाकडे झुकतं, आणि अर्धवट जळलेल्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. एप्रिल २०००पासून देशभर धुराचे नियम कडक झाले आणि मोटारींत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. २०२०मध्ये दुचाकींचीही तीच गत झाली. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर गेली. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सर धूर हुंगतो आणि संगणक क्षणाक्षणाला पेट्रोल कमी-जास्त करतो. ते याच्यापेक्षा अचूक आहे, हे तो मनातून जाणतो. म्हणून मुलाच्या नव्या गाडीचं बोनेट तो एकदाच उघडतो, काळ्या प्लास्टिकच्या झाकणाकडे बघतो आणि लावून टाकतो. बिघाड झाला तर स्कॅनर कोड दाखवतो. कोडशी वाद कसा घालणार?

एवढ्यात त्याला नवा विषय मिळालाय, आणि तोही सरकारकडून. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉलला जळायला एका भागामागे नऊच भाग हवा पुरते, म्हणजे जुन्या जेटमधून तेवढंच इंधन आलं तर हवा जास्त ठरते; गाडी गरम होते, रेस दिली की उचलत नाही, जुनी रबरी पॅकिंगं फुगतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढत असल्याने उभ्या गाडीच्या वाटीत गंज धरतो. साठ वर्षांत बसलेली सगळी सेटिंगं चुकीची ठरली. सरकारच्या नावाने गाव बोटं मोडतंय. हा सकाळपासून अंगणात आहे. मेन जेट १२५ घालावा की १३०, यावर शेजारचे तिघे तीन बाजूंनी वाकलेत, चहा दोनदा गार झालाय, आणि स्क्रू आता बाहेरच्या दिशेला फिरतोय.