उस्तादानं कधीच वाजवून ठेवलंय

त्याच्यासमोर कुठल्याही ड्रमरचं नाव काढा, तो आधी कानाची पाळी धरतो. नाव निघालेलं असतं जीन क्रुपाचं, पाळी धरलेली असते उस्तादांसाठी. "वाजवते लेकाचा चांगला," एवढी कबुली तो देतो. मग लगेच, "पण हे आमच्या उस्तादानं सौंसरच्या एका लग्नात कधीच वाजवून ठेवलं आहे."

पांढुर्णा सोडून आमल्याकडं निघालेली गाडी जिथून घाट चढायला लागते, ते तिगाव याचं गाव. संत्र्याच्या हंगामात हा पेट्या भरतो, लग्नसराईत ड्रमवर बसतो आणि बारा महिने उस्तादांची भक्ती करतो. यातल्या शेवटच्या कामाचे पैसे मिळत नाहीत, म्हणून त्यात आजवर खाडा पडलेला नाही. गावानं त्याचं नाव टिंगटिंगभाऊ ठेवलंय. जॅझमध्ये ठेका ढोलावर नसतो, मोठ्या झांजेवर असतो, हे त्याला मोबाइलवर कळलं आणि त्या दिवसापासून टिंग, टिंग-टि-टिंग सुरू झालं ते थांबलेलं नाही. पेटीच्या फळीवर, एसटीच्या दांडीवर, मयताला गेला तर सतरंजीवर. घाट चढणारी मालगाडी त्याला लयीत वाटते. प्रवासी गाडी मात्र "घाई करते".

उस्ताद हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. गळ्यात साइड ड्रम अडकवून वरातीपुढं चालले, पुढं ऑर्केस्ट्रात ड्रमसेटवर बसले, आता ओट्यावर बसतात. जॅझ हा शब्द त्यांनी आयुष्यात उच्चारलेला नाही. त्यांना 'अलबेला'तली गाणी आवडतात, बस. हेच धरून टिंगटिंगभाऊनं त्यांची परंपरा सिद्ध केली. 'अलबेला' 1951 चा, संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरअण्णांचं. अण्णांचा सहायक चिक चॉकलेट. हा मूळचा गोव्यातल्या हळदोण्याचा, मुंबईच्या हॉटेलांत जॅझचा ट्रम्पेट वाजवणारा. "म्हणजे पाहा," बोटं मोडत तो सांगतो, "अमेरिकेहून मुंबई, मुंबईहून रेडिओ, रेडिओतून उस्ताद, अन् उस्तादापासून मी." शेवटचा टप्पा सांगताना आवाज थोडा खाली येतो, पण टप्पा गाळत नाही.

थट्टा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्यानं मला हातात काठ्या देऊन दाखवली. उजवी काठी कोणीही धरेल. डावी काठी त्यानं अंगठ्याच्या बेचक्यात घातली, तळवा वर केला आणि काठी करंगळीशेजारच्या बोटावर टेकवली. गळ्यात अडकवलेला ड्रम डाव्या मांडीवर तिरपा लोंबतो. सरळ धरलेली काठी त्याच्या कडेवर आपटते, म्हणून वरातीतला प्रत्येक साइड ड्रमवाला डावा हात असा उताणा ठेवतो. लष्करी बँडपासून आलेली ही पकड. आपले लग्नाचे बँड त्याच वळणाचे, आणि न्यू ऑर्लिअन्सच्या रस्त्यांवरच्या ज्या बँडांतून जॅझ निघाला तेही. पुढं ड्रम स्टँडवर सपाट बसला, वादक खुर्चीवर बसला, पण जॅझवाल्यांनी डावा हात बराच काळ उताणाच ठेवला. अमेरिकी ड्रमर चिक वेबचा तसाच, क्रुपाचा तसाच. 1909 मध्ये लडविग नावाच्या माणसानं पायानं ढोल वाजवायचं भक्कम पेडल काढलं, तेव्हा तिघांचं काम एकाकडं आलं. आपल्याकडं वरातीत अजून ढोलवाला वेगळा, साइड ड्रमवाला वेगळा, झांजवाला वेगळा, आणि पाकीट एकच.

यावर टिंगटिंगभाऊचा निष्कर्ष तयार होता. "म्हणजे उस्ताद जॅझच वाजवत होते. बँडवाल्यांले पत्ताच नोता."

आता लग्नाला संदलचा, धुमालचा दणका लागतो, गाडीवर ऑक्टोपॅड लागतो. यात टिंग, टिंग-टि-टिंग कोणाला ऐकू येणार? तरी एका मांडवात त्यानं तारांचे ब्रश काढून ड्रमवर गोल गोल घासायला सुरुवात केली. नवरदेवाच्या मामानं थोडा वेळ पाहिलं आणि जवळ येऊन विचारलं, "का भाऊ, पुसून कायले राह्यला? वाजव ना!" ते ब्रश त्यानं सीताबर्डीवरून आणले होते. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, पण ड्रमच्या सामानासाठी राजधानी अजून नागपूरच आहे.

त्याची आवडती कथा 11 मे 1937 ची. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सॅवॉय नावाचं नाचघर. एका बाजूला बेनी गुडमनचा गाजलेला ऑर्केस्ट्रा, ड्रमवर देखणा क्रुपा. दुसऱ्या बाजूला तिथला घरचा बँडवाला चिक वेब, लहानपणी मणक्याला क्षय झालेला, बुटका, पाठीला पोक असलेला. टिंगटिंगभाऊ ही कथा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीसारखी, म्हणजे दोन गावांतल्या दगडफेकीसारखी सांगतो. हा पांढुर्णा, हा सावरगाव, मधी जांब नदी. शेवटी क्रुपा हरला आणि चिक वेबपुढं वाकला. इथं तो स्वतः उठून वाकतो. वाकायची दिशा उस्तादांच्या घराची असते.

क्रुपा वाकला हे खरंच. पण आठ महिन्यांनी तोच क्रुपा कार्नेगी हॉलमध्ये ड्रम बडवून लोकांना खुर्च्यांवरून उठवत होता. आमचा माणूस वाकला तो वाकलाच. भक्ताची एक मोठी अडचण असते, गुरूचं जे उचलायला सोपं तेवढंच तो आधी उचलतो. उस्ताद तंबाखू डाव्या गालात धरतात, हाही डाव्याच गालात धरतो. उस्ताद डोळे मिटून वाजवायचे, हाही मिटतो आणि दर लग्नात एखादी काठी मांडवात कुठंतरी जाते. सगळ्यात कळस म्हणजे पाय. उस्तादांचा पायातला ढोल शेवटच्या काही वर्षांत किंचित उशिरा पडायचा. टिंगटिंगभाऊनं त्याला 'उस्तादांचा थांबा' असं नाव दिलं आणि तो थांबा पायात बसवायला दोन लग्नसराया घातल्या.

मग पांढुर्ण्याच्या एका लग्नात उस्ताद स्वतः पाहुणे म्हणून आले. पहिल्या रांगेत खुर्ची, हातात सरबत. टिंगटिंगभाऊनं कानाची पाळी धरली, डोळे मिटले आणि प्रत्येक ठोक्याला ढोल असा काही मागं खेचला, की नाचणारी पोरं एकमेकांच्या पायावर पडू लागली. गाणं संपल्यावर उस्तादांनी बोटानं बोलावलं. पन्नाशीचा माणूस खाली मान घालून पुढं उभा राहिला.

"का बे पोट्ट्या, पायाले काय झालं तुह्या?"

"उस्ताद, तुमचाच थांबा हाय तो."

"कोन्ता थांबा?"

यानं मांडीवर वाजवून दाखवला. उस्तादांनी सरबताचा पेला खाली ठेवला.

"अबे, तो थांबा नोता. गुडघा होता माहा. नागपूरच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगतलं होतं."

आजूबाजूचे हसले. टिंगटिंगभाऊ हसला नाही. ड्रमकडं परत येताना तो वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होता, "पाह्यलं का भाऊ, केवढा मोठा मानूस! एवढी कला, अन् नाव गुडघ्याचं सांगते!"

पुढचं गाणं सुरू झालं. ढोल पहिल्यापेक्षाही उशिरा पडला.