हळकुंडाच्या रंगाचा उजेड

हिंगोलीतल्या कुठल्याही नव्या वसाहतीत दिव्यांचं वेड लागलेला एक गृहस्थ सापडतोच. आमच्या गल्लीत ते सर. निवृत्तीनंतर महिनाभर पुण्याला मुलाकडे राहिले, तिथल्या सोसायटीची एकसारख्या दिव्यांनी उजळलेली बाग रात्री पाहिली आणि परत आल्यापासून त्यांना स्वतःचं अंगण तुकड्यातुकड्यांत फुटलेलं दिसू लागलं. "1999 ला परभणीतून जिल्हा फुटला, ते ठीक. अंगण कामून फुटावं?"

अंगणात तुळशीवृंदावन, शेवगा, बोअरची मोटर आणि सहा वर्षांपासून बंद पडलेली स्कूटर. या चौघांना दिव्यांनी एका माळेत ओवायचं सरांनी मनावर घेतलं. गेटच्या खांबांवर, पायवाटेच्या कडेला गुडघाभर उंचीचे, शेवग्याच्या बुडाशी आभाळाकडे तोंड केलेले, सगळे एकाच घडणीचे, काळे आणि 3000 केल्विनचे. दुकानदाराने 6500 चा पांढरा दिवा लावून दाखवला. "हा दवाखान्याचा उजेड झाला. मला हळकुंडाचा पाहिजे!" दुकानदाराला केल्विन कळला नव्हता, हळकुंड म्हटल्यावर त्याने बरोबर खोका काढला.

दसऱ्याला रामलीला मैदानावर सगळी हिंगोली जळत्या रावणाकडे पाहते. सर आकाशपाळण्याकडे बघून हळहळतात. "सतरा रंग! कुणाचा कुणाला मेळ नाही."

संध्याकाळी चहाला बोलावतात, पण सुखाने बसू देत नाहीत. "जरा तिकडं सरका, भिंतीवर तुमची सावली पडायलीय." माझ्या हिरव्या चपलाही त्यांनी एकदा स्कूटरमागे ठेवल्या. आतून काकूंचा आवाज येतो, "जेवायला येता, का ताटावर फोकस लावू?"

पिवळसर उजेडाला किडे कमी येतात, हे सरांचं म्हणणं खोटं नाही. पण मृगाचा पहिला पाऊस पडला आणि कमी म्हणजे किती, ते दिसलं. पंखवाल्या उधईचे थवेच्या थवे उतरले, त्यांच्या मागे बेडूक. प्रत्येक दिव्यापाशी एकेक बेडूक, समान अंतरावर, एकाच दिशेला तोंड करून. काकू झाडू घेऊन निघाल्या तर सरांनी अडवलं. "राहू दे. ओळीत बसलेत."

तेवढ्यात लाइट गेली. काकूंनी वृंदावनात पणती लावली. सर जवळ जाऊन, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"उजेड बरोबर आहे," ते म्हणाले, "फक्त फिटिंग मॅच होत नाही."