वेगळी चूल

आमच्याकडे भाऊ वेगळे झाले की बांध, विहिरीची पाळी आणि आजीची पितळी घागर यांवरून तीन पिढ्या कोर्टात जातात. ब्रिटन सुधारलेला देश. युरोपीय महासंघाच्या एकत्र कुटुंबात राहायचं की नाही, यावर त्यांनी २३ जून २०१६ रोजी थेट मतदान घेतलं. ५१.९ टक्के म्हणाले, वेगळी चूल! या वाटणीचं नाव ब्रेक्झिट.

वाटणीची भाषा मात्र अगदी आपली. प्रचाराच्या लाल बसवर लिहिलं होतं की महासंघाच्या ब्रुसेल्सला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात. मिळणारी सूट आणि परत येणारी अनुदानं त्या हिशेबात नव्हती. दिलेलं भिंतीवर लिहायचं आणि घेतलेलं विसरायचं, हा वाटणीचा जुनाच रिवाज.

इंग्लंडच्या ईशान्येकडच्या संडरलंडसारख्या शहराने ६१ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने दिली. तिथल्या जहाजांच्या गोद्या १९८८ पर्यंत बंद पडल्या, १९९३ मध्ये शेवटची कोळशाची खाणही गेली. त्यांचा राग खरा होता. जागतिकीकरणाची पंगत लंडनमध्ये उठली आणि उष्टी काढायला हे. पण रागाच्या पाकिटावर पत्ता लिहून दिला पुढाऱ्यांनी, आणि तो लंडनचा नव्हता.

आता पत्ता सांगणाऱ्यांचे पत्ते बघा. 'बाहेर पडा' मोहिमेचे एक अध्यक्ष लॉर्ड लॉसन यांनी पुढे फ्रान्समध्ये राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. ब्रेक्झिटचे कट्टर समर्थक जेकब रीस-मॉग ज्या गुंतवणूक कंपनीचे भागीदार होते, तिने डब्लिनमध्ये फंड उघडला. ब्रेक्झिटचे पुरस्कर्ते व्हॅक्युम क्लीनरवाले डायसन यांच्या कंपनीने मुख्यालय सिंगापूरला हलवलं; त्याचा ब्रेक्झिटशी संबंध नाही, असं कंपनी म्हणाली. आपणही तसंच मानू. ब्रेक्झिटचे पुढारी नायजेल फराज तर वीस वर्षं युरोपच्याच संसदेत बसून, तिचाच पगार घेऊन तिला शिव्या घालत होते. असा नोकर मिळायला भाग्य लागतं.

दाराला कुलूप लागलं, पण साहेबांच्या खिशात दुसरी किल्ली होती. २०२१ मध्ये ट्रक चालवायला माणसं मिळेनात, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि टँकर चालवायला लष्कर आलं. शिवाय त्याच युरोपातल्या चालकांसाठी तात्पुरते व्हिसा निघाले. पाहुणे नकोत, पण भांडी घासून गेलात तर बरं.

संडरलंडच्या गोद्या काही उघडल्या नाहीत. सार्वभौमत्वाची खूण म्हणून निळा पासपोर्ट मात्र मिळाला. त्याचं कंत्राट फ्रेंच-डच कंपनीकडे गेलं आणि तो तयार होऊ लागला पोलंडमध्ये.