भिंतीवरून विरजण

विरजण मागायला गेले, हे नुसतं निमित्त. काकूंच्या फाटकाशी दर रविवारी भल्या पहाटे पोरांचा घोळका कशाला जमतो, ते मला काढून घ्यायचं होतं.

आमच्या दोघींमधली भिंत कमरेइतकी. पलीकडं काकूंचा जुना बंगला, अलीकडं आमच्या सोसायटीची रो हाउसं आणि दोन्हींच्या मागून रामनदी. आम्ही पाषाणकर तिला नदी म्हणतो. फ्लॅट विकणाऱ्यांच्या तोंडी मात्र तो 'नाला' असतो, आणि 'रिव्हर व्ह्यू'चे पैसे घेताना तेवढी परत नदी होते.

"काकू, चमचाभर विरजण मिळेल का?"

"देते की. दूध कोमट आहे ना? मागच्या खेपेला कढत दुधात घातलंस आणि मला म्हणालीस, विरजणच वाईट."

"हो हो, कोमटच आहे. ती मुलं कोण हो, रविवारची?"

वाटी घ्यायला आत वळलेल्या काकू परत आल्या. कोपर भिंतीवर टेकलं. म्हणजे आता अर्धा तास नक्की.

"नातीच्या शाळेतली. नववीची. त्यांच्या विज्ञानाच्या बाई असतात आणि मागच्या गल्लीतले दोघं निवृत्त काका. नदीचं पाणी तपासतात."

"त्यासाठी सकाळी सहाला?"

"मीही म्हटलं, अरे नऊला या, पोहे टाकते. तर नात म्हणते, आजी, दुपारी नदी थापा मारते! अगं, पाण्यात शेवाळं असतं ना, ते उन्हात प्राणवायू सोडतं. दुपारी मोजलं की वाटतं, वा, झकास आहे पाणी. रात्री सोडणारं कुणी नाही, नुसते ओढणारे. पहाटेपर्यंत नदीचा खिसा रिकामा. तेव्हा मोजायचं म्हणजे खरी शिल्लक कळते."

रसायनशास्त्राशी काकूंचा संबंध पापडखारापुरता. पण त्या सांगत होत्या ते एखाद्या घरातली आतली बातमी सांगावी तसं, आवाज उतरवून.

"बुचाची काचेची बाटली असते. पाण्यात बुडवूनच भरायची, आत एक बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर बाहेरची हवाच मोजली जायची. मग ड्रॉपरनं दोन औषधं घालायची आणि बघत बसायचं. गाळ तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे."

"आणि नाही झाला तर?"

"पांढरा राहतो." हे त्यांनी इकडंतिकडं बघून सांगितलं. "पांढरा राहिला की समजावं, आत कुणाला श्वास घ्यायची सोय नाही. पुढचं ॲसिडबिसिड बाई स्वतः घालतात, हातमोजे चढवून. मग स्टार्च घालून पाणी निळंशार होतं आणि तो निळा जाईस्तोवर थेंब मोजायचे. जितके थेंब जास्त, तितका प्राणवायू जास्त. अंघोळीच्या पाण्याला लिटरमागं 5 मिलिग्रॅम तरी हवा म्हणे."

"आपल्या नदीत किती निघाला?"

"सांगते, दम धर. आणखी एक चाचणी असते. पाणी बंद बाटलीत, अंधारात, 3 दिवस 27 अंशांवर ठेवायचं आणि बघायचं, आतल्या जिवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला. जितकी घाण तितके खाणारे. ते 3 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. ते आपल्या घरात होत नाही, बाई कुठल्याशा कॉलेजात करून आणतात. पण मला बाई किडे बघायला आवडतं."

"किडे?"

"दगड उलटून बघतात पोरं. तीन शेपट्यांची इवलीशी अळी चिकटलेली असली तर पाणी चांगलं. आणि गाळात लालभडक अळ्या वळवळत असल्या तर तिथं काही खरं नाही. त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून नसलेल्या हवेतही त्या भागवतात. इथं पुलाखाली बघ जाऊन. लालच लाल!"

मी शहारले. काकूंना आणखी चेव आला.

"लग्न होऊन आले तेव्हा सोमेश्वराच्या देवळापाशी याच पाण्यात धुणं धुतलंय मी. तिकडं खाटपेवाडीला उगम, भूगाव, बावधन, आपलं पाषाण करत औंधला मुळेला मिळते. 20 किलोमीटरसुद्धा नाही सगळी मिळून. एवढ्याशा जिवाला किती जणांनी आपापल्या मोऱ्या जोडाव्यात? 2010च्या ऑक्टोबरात एका रात्रीत घरात घुसली, तेव्हा सगळ्यांना आठवलं, इथं नदी आहे म्हणून. आणि हवामानवाल्यांचं एवढं मोठं ऑफिस आपल्या पाषाणातच!"

"पण काकू, तुमचा यात काय संबंध?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता.

"माझाच तर संबंध! बाईंनी पोरांना विचारलं, आपण येतो आठवड्यातून एकदा. मधल्या दिवसांत पाणी कधी करडं होतं, फेस कधी येतो, वास कधी सुटतो, हे कोण टिपून ठेवील? तर आमची नात हात वर करून म्हणाली, माझी आजी! तिला गल्लीतलं सगळं कळतं."

यावर दोघीही हसलो. मी जरा कमी.

"तिकडं विठ्ठलवाडीला मुठेवर 'जीवितनदी' संस्थेच्या लोकांनी काठ दत्तक घेतलाय. मी म्हटलं, दत्तकबित्तक नको बाई या वयात. पण स्वयंपाकघराची खिडकी नदीवरच आहे, लक्ष ठेवते." त्यांनी आत जाऊन कालनिर्णयच आणलं. दुधाच्या हिशेबाशेजारी बारीक अक्षरात नोंदी. 'दूध दीड. फेस, सकाळी सव्वासहा.' 'दूध एक. पाणी करडं, वास.' 'गॅस आला. पाणी बरं.'

"म्हणजे रोज होत नाही?"

"रोजच होतं गं. ती बरी दिसतेय ना, ती पावसाच्या दुसऱ्या दिवसाची नोंद आहे. मग पोरांनी काय केलं, बाटल्या घेऊन काठाकाठानं वर चालत गेली. बावधनाकडून येणारं पाणी काही सोवळ्यातलं नव्हे, पण तिथं गाळ थोडा तरी तपकिरी झाला. या आंब्यापाशीसुद्धा झाला. आणि दहा पावलं खाली तो सिमेंटचा पाइप आहे बघ, तुमच्या गेस्ट पार्किंगच्या मागचा…"

"पांढरा?"

"दुधासारखा."

पाइप मला ठाऊक होता. त्याच्या वरच्या अंगाला आमच्या सोसायटीचा मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प. तिथल्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्री अकरा ते सहा बंद असतो, हेही मला ठाऊक होतं. वीजबिल आटोक्यात आणल्याबद्दल गेल्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींना टाळ्या पडल्या होत्या. सेक्रेटरी म्हणजे आमचे हे.

काकूंनाही ते ठाऊक होतं. त्या भिंतीवरची मुंगी उगाचच झटकत राहिल्या.

"आता हे बघ," जरा वेळानं त्या म्हणाल्या, "त्या टाकीतही जिवाणूच असतात आणि त्यांनाही हवा लागते, हे मला पोरांनी सांगितलं. हवा बंद केली की ते गुदमरतात आणि मग दिवसासुद्धा धड काम करत नाहीत. तुमची टाकी पहिल्यांदा चालू केली, तेव्हा आमच्या गोठ्यातलं शेण नेलं होतं तुमच्या माणसांनी. विरजण म्हणून! आठवतंय?"

"मुलं पुन्हा कधी येणार?"

"रविवारी."

"मग शनिवारी रात्री ब्लोअर चालू ठेवायला सांगते यांना."

काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू कढत दुधात पुन्हा विरजण घातलंय मी.

"एका रात्रीत दही लागतं, बाळा. ते नाही लागत." वाटी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "आणि बाई मला एक जास्तीची बाटली देऊन गेल्यात. वाटेल त्या दिवशी भरून ठेवा म्हणाल्या, तीही त्या पाइपाशीच. वार मलासुद्धा आधी ठरवायचा नाही."

संध्याकाळी मी दूध कोमट आहे का, ते तीनदा बोट घालून पाहिलं. मग यांना म्हटलं, जेवण झाल्यावर जरा बोलायचंय.